फाटक उघडेपर्यंत

आमचे मामंजी रेल्वेचे फाटकवाले. लाइन बंद पडून जमाना झाला, रूळसुद्धा लोकांनी उपटून नेले, पण मामंजींच्या डोक्यातली गाडी काही बंद पडली नाही. अलीकडे फार विसरतात. जेवलो का ते मला विचारतात, माझं नाव सापडत नाही, पण दुपारची मालगाडी बरोब्बर आठवते.

त्या दिवशी कपडे वाळत घालून वळते तो दार सताड उघडं, खाट रिकामी. त्यांच्या जुन्या फाटकावरून आता मोठा रस्ता जातो, आणि तिथले ट्रक कुणाच्या बापाला जुमानत नाहीत.

आधी रस्त्याने धावले. कुणी पाहिलं नव्हतं. मग माझी मलाच चीड आली. हा माणूस रस्त्याने कशाला जाईल? तो जाणार लाइनीने! पण लाइन उरली होती कुठे, लोकांनी ती घरादारात घेतलेली. ती जायची तिथे आता सुताराचा कारखाना, म्हणून मी आत शिरले. त्याच्या पत्र्याखालचे खांब म्हणजे आमचेच रूळ. सुतार म्हणाला, मघाशीच गेले. लाइनीवर सामान नको म्हणून मामंजींनी त्याला फळ्या उचलायला लावल्या होत्या, आणि त्या भल्या माणसाने त्या मुकाट्याने उचलल्या होत्या.

पुढे स्टेशन. तिथे आता पिठाची गिरणी. गिरणीवाला तिकिटाच्या खिडकीतून डबे देतो आणि रांग मोडली तर स्टेशनमास्तरसारखा खेकसतो. त्याने मामंजींना पाणी पाजून वर सलामही ठोकला होता. अडवता नाही आलं का, म्हणून मी उखडले, तर म्हणतो कसा, ड्यूटीवरच्या माणसाला कसं अडवणार? तरी बरं, गिरणीशेजारचा न्हावी त्यांच्या मागोमाग गेला होता.

लाइनीच्या जुन्या भरावावरच्या काट्याकुट्यांतून पळताना मला सारखी माझ्या लेकीच्या जन्माची वेळ आठवत होती. मूल आडवं आलेलं, दवाखाना लाइनीच्या दुसऱ्या टोकाला. मामंजींनी लाल झेंडा दाखवून धावती मालगाडी उभी केली आणि मला गार्डाच्या डब्यात झोपवलं. साहेबांनी नंतर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, गाडीचं काय, पोचेल उशिरा. आज मी आहे, माझी लेक आहे, ती त्यांच्यामुळे. त्यानंतर मी जन्मभर चहातल्या साखरेवरून त्यांच्याशी भांडले, ती गोष्ट वेगळी.

फाटकाशी पोचले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्यांची रांग. एका बाजूला मामंजी, हात आडवे पसरून. दुसऱ्या बाजूला न्हावी, दुकानातला टॉवेल आडवा धरून. सगळ्यांत पुढचा ट्रकवाला परका होता. न्हाव्याने त्याला हळूच काय ते सांगितलं असणार, कारण त्याने इंजिन बंद केलं होतं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. दूधवाला तर सायकलवरून उतरून, गाडी यायची त्या दिशेला बघत उभा होता.

मामंजींचा चेहरा रडवेला झालेला. गाडी गेली की यायचीय, तेच त्यांना आठवत नव्हतं, आणि खात्री झाल्याशिवाय फाटक उघडणाऱ्यांतले ते नव्हते.

"पोरी, तू पाहिलीस का? गेली गाडी?"

"गेली, मामंजी. सुखरूप पोचली. मी तिच्यातच होते."

मग त्यांनी हात खाली घेतले आणि ट्रकवाल्याला जायची खूण केली.

गाड्या एकेक करून पुढे सरकल्या. रडत रडत मी प्रत्येकाला हात जोडत होते, ट्रकवाल्याला, दूधवाल्याला, ओळख ना पाळख अशांनासुद्धा. मामंजींनी माझा दंड धरून मला कडेला ओढलं.

"हात काय जोडत बसलीस," ते म्हणाले, "आधीच उशीर झालाय त्यांना. जाऊ दे."