पाखरूताईंचा चंडोल

पाखरूताई माहेरी आल्या की टेंभुर्णीचे लोक पिशवीतून मेलेली पाखरं घेऊन भेटायला यायचे. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, मोठ्या शहरातल्या संग्रहालयात शास्त्रज्ञ. तारेला धडकलेला होला, उन्हानं पडलेली साळुंकी, असा आहेर मिळाला की त्यांचा चेहरा खुलायचा. "मी मारत न्हाई, वहिनी. मेलेलं वाया जाऊ देत न्हाई," म्हणत ते पाखरू थेट माझ्या फ्रीजमध्ये! आमच्या घरात अंडंसुद्धा चोरून यायचं. मी कपाळाला हात लावायची आणि बर्फाचा ट्रे काढून जागा करून द्यायची. आता ताई निवृत्त होऊन लेकीकडे असतात. फ्रीजमध्ये नुसती भाजी असते, आणि मला करमत नाही.

"चेहऱ्यावर भरोसा ठेवू नका," हे त्यांचं पालुपद. सारखी दिसणारी पाखरं फार पूर्वीच वेगळी झालेली असतात, ते जनुकं सांगतात, म्हणायच्या. लग्नात कुणी "पोरगी हुबेहूब आत्यावर गेली" म्हटलं तरी ह्यांचं तेच. लोक वैतागायचे.

आमच्या माळावरचा चंडोल आणि दक्षिणेकडचा चंडोल एकच की वेगळे, हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बाकी सगळीकडचे नमुने होते, फक्त आपल्याकडचा नव्हता. एका उन्हाळ्यात शेजाऱ्यानं तो आणून दिला. ताईंना आनंदानं जेवण गेलं नाही.

सकाळी फ्रीज उघडला तर चंडोल गायब. माझे सासरे अण्णा माळकरी. त्यांनी पहाटेच त्याला लिंबाखाली मूठमाती देऊन वर दोन फुलं वाहिली होती. "थंडीत कुडकुडत पडल्तं बिचारं," ते म्हणाले.

ताई लालबुंद झाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, अण्णांजवळ जाऊन बसल्या. "अण्णा, त्याचे आजे-पणजे कोण, हे त्याला सांगता येत न्हाई. मी त्याच्या वतीनं इचारून राह्यले."

अण्णा स्वतःच खुरपं घेऊन उठले. "पायाचं एक बोट घे. बाकीचं पाखरू मातीला. अन् उत्तर आधी मला सांगायचं. बराबर?"

संग्रहालयाला अख्खं पाखरू हवं होतं. ताईंनी बोटावर भागवलं, जनुकं तपासायला तेवढं पुरत होतं.

उत्तराला वर्षं लागली. दर फोनवर अण्णांचा पहिला प्रश्न, "चंडोलाचं काय झालं?" आणि ते न कळताच अण्णा गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माझ्या नवऱ्यानं, दिरांनी हात जोडून शब्द दिले, शेत सांभाळू, भांडणार नाही. कावळे झाडावरून हलेनात. ताई बाजूला उभ्या होत्या. कावळ्याला फक्त भूक कळते, असं त्या नेहमी म्हणायच्या. शेवटी चपला काढून पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अण्णा, परवा उत्तर आलं. आपला चंडोल वेगळाच निघाला. लय जुन्या काळी फुटलेला. अजून कुणालाच सांगितलं न्हाई."

कावळा उतरला.

"योगायोग हाय, वहिनी. बिलकुल योगायोग," ताई म्हणाल्या, आणि माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या.