मी सांगितलेला दुसरा भाग

सांगलीला कॉलेजात जाणारा मी आमच्या घरातला पहिलाच. गावी येताना ग्रंथालयातलं पुस्तक आणायचं आणि आबांना वाचून दाखवायचं, असा नेम पडला होता. आबा म्हणजे माझे वडील. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते पलटणीतून निवृत्त होऊन आले होते. सही करत, वाचता येत नसे. उसाला पाणी लावून ते बांधावर बसत आणि मी वाचत असे.

दिवाळीत अंतराळप्रवासाच्या एका कादंबरीचा पहिला भाग वाचला. सहा जण यानातून मंगळावर जातात, एकमेकांची टिंगल करतात आणि सुखरूप परत येतात. आबांना त्यातला स्वयंपाकी फार आवडला. ते खूप हसले होते.

दुसरा भाग मी होळीला आणला. एसटीत वाचला आणि बिचकलो. लेखक तोच, माणसं तीच, पण हसण्यासारखं काहीच नव्हतं. स्वयंपाक्याला तिथंच सोडून पाच जण परततात, आणि नंतर कप्तान घरात कुणाशी धड बोलत नाही. लढाई बघून आलेल्या माणसाला हे कसं वाचून दाखवायचं? मग बांधावर पुस्तक समोर धरून मी मनानेच सांगत गेलो. स्वयंपाक्याला परत आणलं, थोडी टिंगल घातली. पानं मात्र वेळच्या वेळी उलटली. आबा हसले नाहीत. "पयल्यासारखंच हाय की," एवढंच म्हणाले.

निघायच्या घाईत पुस्तक घरीच राहिलं. सातवीतल्या माझ्या बहिणीने ते आबांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी पुस्तक न्यायला आलो तेव्हा मला ते कळलं. तुम्हाला त्रास होईल असं वाटलं, असं मी कसंबसं सांगितलं.

"तरास हुतोच की रं," आबा म्हणाले. "आमी बी एकाला मागं ठिवून आलोय. त्या कप्तानाला बी बोलता येत न्हाई, हे तुज्याकडनं ऐकाय मिळालं असतं."

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि संध्याकाळची एसटी धरली.

मे महिन्यात मी तिसरा भाग आणला. आबांनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा धरला आणि बहिणीला हाक मारली. ती वाचू लागली. मी शेजारी बसून ऐकलं.