व्याह्यांची लष्करी जीप

नवरा गेल्यावर गॅरेज बंद पडणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तेराव्या दिवसानंतर तिनेच शटर वर केलं आणि तेव्हापासून गल्लीने तिला वस्तादबाई म्हणायला सुरुवात केली.

व्याह्यांचं आणि तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "आमच्या सुना बाहेर राबत नाहीत," म्हणत त्यांनी तिच्या लेकीला नोकरी सोडायला लावली होती. म्हणून तेच व्याही सत्तर वर्षांची लष्करी जीप दोरीने ओढत दारात आले, तेव्हा तिने ओळखलं, बाकी सगळीकडून नकार आलेला दिसतोय.

"जुन्या गाड्यांची रॅली आहे, दोन हजार किलोमीटर जायचंय. तीन आठवड्यांत तयार हवी."

टाकीतून गंज निघाला तो पातेलंभर. रेडिएटर चोंदलेला, पुढच्या चाकांची बेअरिंगं खिळखिळी. व्याही रोज येऊन खुर्ची अडवून बसायचे. "जपून हं, हे काही पोळ्या लाटणं नाही." ती दात-ओठ खात काम करायची.

ब्रेकचे तिन्ही रबरी पाइप तडकले होते.

"ते बदलायचे नाहीत," व्याही म्हणाले. "लष्कराचा शिक्का आहे त्यांच्यावर. जाणकार लोक वाकून बघतात."

तुमचा जीव, तुम्ही बघा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "मागे सूनबाई बसेल. वाटेत जेवणाखाण्याचं कोण बघणार?"

ती पक्कड घेऊन जीपखाली सरकली आणि तिन्ही पाइप कापून त्यांच्या बुटांपाशी फेकले.

"घ्या, शिक्के जपून ठेवा."

"कोणाला विचारून कापलेत? लेक माहेरी पाठवणार नाही, सांगून ठेवतो!"

"त्यासाठी आधी ती जिवंत परत यायला हवी."

नवे पाइप बसले. ब्रेकमधली हवा काढायला मात्र पेडल दाबणारा दुसरा माणूस लागतो, आणि गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं. नाइलाजाने व्याही चढून बसले. "दाबा. धरून ठेवा. धरा म्हटलं ना! आता सोडा." तासभर त्यांनी मुकाट्याने तिचं ऐकलं. उतरल्यावर आभाराचा शब्द नाही.

प्रवासाच्या पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. उतारावर वळणापलीकडे ट्रक आडवा पडला होता. जीप त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. "आई, मामंजी सगळ्यांना सांगतायत, त्यांचा हात पक्का म्हणून वाचलो." आईने फोन ठेवला आणि बराच वेळ हात पुसत बसली, हात स्वच्छ असूनही.

परतल्यावर व्याह्यांनी गॅरेजसमोर जीप उभी केली, पण खाली उतरले नाहीत.

"गिअर टाकताना खरखर होते."

"क्लच पूर्ण दाबत जा. नाही होणार."

मागून लेक पिशवी घेऊन उतरली. "मामंजी, मी काही दिवस इथेच राहणार. आणि नोकरीचंही बघणार आहे."

व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या आईनेच डोक्यात भरवलंय हे!" त्यांनी इतका खाडकन गिअर टाकला की जीप हिसका देऊन बंद पडली. दोनदा चावी फिरवल्यावर ती सुरू झाली, तेव्हा मायलेकी आत गेल्या होत्या. चार वाजेपर्यंत एका टेम्पोचं इंजिन उतरवायचं होतं.