माइकवर दिलेली घडी

"घडी दाखवा! घडी दाखवा!"

मंडपातली माणसं ओरडत होती आणि आमचे जोगळेकर साहेब स्टेजवर पुन्हा एकदा सायकलची घडी घालत होते. खटका उघडला, मधल्या सांध्यातून सायकल दुमडली, पुढचं चाक मागच्या चाकाला टेकवलं, की झाली सायकल अर्धी. साहेबांनी ती उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. माणसं आणखीच ओरडायला लागली. साहेबांना वाटलं, काय हा उत्साह!

मी कोपऱ्यात उभा होतो, कपाळाला हात लावून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका सायकल कंपनीच्या नागपूर ऑफिसात सर्व्हिस इंजिनीअर होतो. म्हणजे विकणारे विकून मोकळे होतात आणि मागाहून शिव्या खायला ज्याला पाठवतात, तो. कंपनीनं घडीची सायकल काढली होती. शहरातल्या लोकांनी ती मोटारीच्या डिकीत टाकून सहलीला न्यावी, अशी हेड ऑफिसची कल्पना. शहरात तिला कुत्रं विचारेना. ज्या काही चार-दोन खपल्या त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात! पुण्याच्या हेड ऑफिसला हे कोडं सुटेना. मॉडेल ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला साहेब स्वतः पुण्याहून गडचिरोलीतल्या वडशाला आले. गुलाबभाऊ हे आमचे तिथले डीलर. त्यांनी घडीच्या सायकलवाल्यांचा मेळावाच भरवला. रात्री ज्या मंडपात झाडीपट्टीचं नाटक व्हायचं, त्यातच दिवसा. मंडप आयता, माइक आयता.

जाहिरातीचा मजकूर पुण्याहून थेट गुलाबभाऊंकडे गेला होता. 'घडीची सायकल! या आणि पाहा!' नाटकाची जाहिरात करणाऱ्या रिक्षानं भोंग्यावरून तो गावभर फिरवला. आता पुण्यात घडी म्हणजे कपड्याची घडी. आमच्याकडे घडी म्हणजे मनगटावरची. ते ज्याला घड्याळ म्हणतात, त्याला आम्ही घडी म्हणतो. वडशानं ऐकलं ते एवढंच, की सायकलीवर घडी फुकट. धानाची कामं आटोपलेली होती. मग काय, लोटली माणसं.

साहेबांना हे सांगायला मी स्टेजकडे निघालो, तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारबुवा उठले.

"घडी सबनले भेटन का जी?"

साहेबांनी माइक हातात घेतला. "सगळ्यांना मिळणार! प्रत्येक गिऱ्हाइकाला घडी मिळणार! घडी नाही अशी सायकल आमची कंपनी देणारच नाही!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. साहेबांनी वाकून नमस्कार केला. मागून कुणीतरी विचारलं, "पट्टा चामड्याचा हाये का स्टीलचा?"

साहेब माझ्याकडे वळले. "पट्टा कसला?"

"साहेब, यांना रिस्टवॉच पाहिजे," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा पडला. मी त्यांच्या हातातून माइक घेतला. "भाऊ हो, गलतफहमी झाली. हे हातातली घडी नोहोय. सायकल दुमडते ना, थे घडी."

मला वाटलं, आता चपला येतात. पण एक जण म्हणाला, "मंग सायकल चालवाची का दुमडाची?" दुसरा म्हणाला, "आमची त बिना घडीचीच दुमडते, गड्ड्यात गेली का!" हशा पिकला आणि हसत हसतच मंडप रिकामा झाला. फुकटात फजिती होऊनही माणसं चिडली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दुसरीकडे कुठे असतो तर आम्ही मार खाल्ला असता.

मागे उरले सात जण. ज्यांच्याकडे ही सायकल खरंच होती ते. आलापल्लीकडचे एक फॉरेस्ट गार्ड होते. नाटक मंडळीच्या ट्रकमधून सायकल नेणारे एक पेटीवादक होते. आणि होत्या रामटेके सिस्टर, सरकारी उपकेंद्रातल्या नर्स.

"सात?" साहेब खुर्चीत बसले. "संपलं. मॉडेल बंद."

हे ऐकून सिस्टर पुढे आल्या. त्यांची गावं नदीपलीकडे. नदी डोंग्यानं ओलांडायची. डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली अरुंद होडी. अख्खी सायकल आत घेतली की तो डोलतो, म्हणून नावाडी घेत नाही. घडी केलेली सायकल मात्र पायाशी मावते. पलीकडे उतरायचं, सायकल उघडायची, लशीची पेटी मागे बांधायची आणि पेटीतला बर्फ वितळायच्या आत गावं गाठायची. पुण्यानं जी सायकल सहलीसाठी काढली, ती या बाईनं लेकरांच्या लशीसाठी घेतली होती. मला ते ऐकून आमच्या कंपनीचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. आमची त्यात काही अक्कल नव्हती, तरी वाटला.

सिस्टरच्या सायकलीचा सांधा लचकत होता. या सांध्यात एक पिन असते, दाराच्या बिजागरीत सळई असते तशी. ती झिजली की चालवता चालवता सायकल मधूनच हलायला लागते. एक दिवस ती पाडणार, हे मला हात लावताच कळलं. गुलाबभाऊंकडे पिन नव्हती.

"बाई, पायी नाही का जाता येणार?" साहेबांनी विचारलं.

"जाता येते जी. पन पोचेपर्यंत बरफाचं पानी होते. लस खराब होते. मंग काय, पानी टोचाचं का लेकराइले?"

साहेब माणूस वाईट नव्हते. "मला पटतंय हो. पण मॉडेल बंद झालं की त्याचे पार्ट भंगारात जातात. कंपनीचा नियम आहे. सात सायकलींसाठी कोण ठेवणार?"

सिस्टरनी स्टेजवरच्या माइककडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी आता माइकवर काय म्हनलं?"

"काय म्हणालो?"

"सबनले घडी भेटन, म्हनलं. थे लोक हातातली समजले, थे गेले. मी त हेच घडी समजली होती. मले द्या."

साहेब अडकले. बोललेला शब्द खोटा तरी कसा म्हणणार? अख्ख्या गावानं भोंग्यावरून ऐकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नागपूरच्या गोडाऊनमध्ये पिना पडून आहेत, साहेब. खटके पण."

"तुम्ही कंपनीच्या बाजूनं आहात की यांच्या?"

"मी सर्व्हिसवाला, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "या डेमोच्या सायकलीची पिन काढा आणि बाईंना द्या."

मी काढली. सिस्टरनी ती नीट पुसून रुमालात बांधली. मी म्हटलं, चला, मिटलं. पण बाई हलेनात.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"हे झिजली का मंग? अन या भाऊइचं काय? एका डोसानं नाई भागत जी. पुरा कोर्स लागते."

पेटीवादक खो खो हसले. गुलाबभाऊ हसले. शेवटी साहेबही हसले आणि मला म्हणाले, "गोडाऊनमधला सगळा माल वडशाला पाठवून द्या. विचारलं तर माझं नाव सांगा."

मी दुसऱ्याच दिवशी पाठवला. साहेबांचं मन बदलायच्या आत.

मॉडेल पुढे बंद झालंच. साहेबांना वरून मेमो आला, बंद मॉडेलचे पार्ट कुणाच्या परवानगीनं दिले म्हणून. साहेबांनी उत्तर दिलं, 'जाहीर सभेत कबूल केले होते.' त्या वर्षी त्यांची बढती हुकली. माझी तर त्याआधीपासूनच हुकत होती. सिस्टर मात्र ती गावं करत राहिल्या, पार नदीवर पूल होईपर्यंत.

गर्दी किती जमली हे सेल्सवाले बघतात. गर्दी उठून गेल्यावर कोण बसून राहिलं, ते आम्हा सर्व्हिसवाल्यांनी बघायचं असतं. त्यासाठी वेगळा भत्ता मिळत नाही.