राजा-राणीच्या मधला हिमालय

माझ्या वडिलांचा हिमालयाशी घरोबा होता तो एका लिंबामुळे. म्हैसूरच्या एका हायस्कुलात ते भूगोल शिकवायचे. दरवर्षी नववीच्या वर्गात खिशातून सुकलेलं लिंबू काढून ते जादूगारासारखं उंच धरायचे. "पृथ्वी निवली, आकसली, सालीला सुरकुत्या पडल्या. याच सुरकुत्या म्हणजे पर्वत!" मुली टाळ्या वाजवायच्या.

मी नववीत गेले आणि नवं पुस्तक आलं. त्यात लिंबू नव्हतं. पृथ्वीचं कवच म्हणे मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, हे तुकडे सरकतात, भारत असाच दक्षिणेकडून आला, आशियाला धडकला आणि मधून हिमालय वर उचलला गेला. वडिलांनी पुस्तक मिटलं.

"देश आहे की सिटी बस, येऊन धडकायला? जमीन चालत असेल तर चामुंडीचा डोंगर रोज सकाळी त्याच खिडकीत कसा दिसतो?"

एवढ्यावर थांबले असते तर गंमतच होती. पण जे पटत नाही ते शिकवणार नाही, मला नववी नको, असं त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं. दसऱ्याच्या सुटीनंतर नक्की काय ते कळवा, असं उत्तर आलं. नववीचा वर्ग म्हणजे वडिलांचा जीव. तो स्वतःच्या हातानं सोडायची वेळ आली, म्हणून नवरात्रभर ते आरामखुर्चीत रुसून बसले.

इकडे आईनं बाहुल्या मांडल्या. आमचे पूर्वज शिपाईगिरी करत इथे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे घरात मराठी आणि नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची म्हैसूरची रीत. बाहुल्या काढून रिकाम्या झालेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका हीच आमची वरची पायरी. एक भिंतीला टेकलेली, दुसरी तिच्यापासून हातभर दूर, आणि दोन्हींवर मिळून वडिलांचं एकच धोतर. मधल्या जागेत धोतराला झोळ देऊन आई तिथे शिंपले पसरायची. हा समुद्र. भिंतीकडच्या ट्रंकेवर लाकडी राणी, दुसरीवर राजा. आईला लग्नात माहेरून मिळालेली ही जोडी. एकदा मांडली की दशमीपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

आणि राजा राणीकडे सरकू लागला!

"अहो, तुम्ही हात लावलात?" आईनं विचारलं.

"मी? मला आता देश हलवायचे आहेत, राजे नव्हे."

शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि कानडीत गल्लीभर केलं, "अय्यो, यांच्याकडे राजा राणीला भेटायला निघालाय!" मग काय विचारता! संध्याकाळ झाली की "गोंबे कूर्सिदीरा?", बाहुल्या मांडल्यात का, असं ओरडत पोरांच्या टोळ्या. आई खाऊ वाटायची, पोरं राजाच्या ट्रंकेशी रेटारेटी करायची, आणि दुसऱ्या दिवशी राजा आणखी जवळ. काकू वडिलांना म्हणाल्या, "मेष्ट्रे, अहो मास्तर, त्याच्याकडून शिका काहीतरी. इतके दिवस खुर्ची सोडली नाहीत तुम्ही."

नवमीला मात्र आई हिरमुसली. राजा-राणीच्या मधे धोतराचा उंच उंचवटा उभा राहिला होता आणि राजाला राणी दिसेना. "माझ्या माहेरची जोडी," ती म्हणाली, "आणि मधे हे काय आलं?"

आता वडील उठले. तिच्यासाठी उठले, भूगोलासाठी नव्हे. वाकून त्यांनी जमीन पाहिली. तांबडी गुळगुळीत फरशी, आईनं सणासाठी मेण लावून चकचकीत केलेली. राजाच्या ट्रंकेभोवतीची रांगोळी एका बाजूला मोकळी पडली होती, दुसऱ्या बाजूला ट्रंकेखाली गेली होती.

"अगं, राजाला कुणी हात लावला नाही. तो बसलाय तिथेच बसलाय. त्याच्याखालची ट्रंक चाललीय."

 मग त्यांनी उंचवट्याकडे पाहिलं. त्याच्या माथ्यावर शिंपले होते.

"समुद्र वर गेला," ते पुटपुटले. हिमालयात उंचावर समुद्रातल्या जिवांचे अवशेष सापडतात, हे त्यांना ठाऊक होतं. लिंबाकडे त्याचं धड उत्तर कधीच नव्हतं, म्हणून वर्गात ते हे घाईनं उरकायचे. खिडकीतून दिसणाऱ्या चामुंडीच्या डोंगराकडे बघून ते एकदम हसत सुटले. "अगं, खिडकीही त्याच ट्रंकेवर आहे की!"

सुटी संपली. आईनं आयुष्यात पहिल्यांदा राजा-राणी घराबाहेर सोडली, तीही जुन्या साडीत गुंडाळून, हजार सूचना देऊन. वर्गात वडिलांनी टेबलावर दोन जाड पुस्तकं ठेवली, त्यांवर धोतर, मधे शिंपले, दोन टोकांना राजा-राणी. एक पुस्तक ते हळूहळू रेटत गेले. डोंगर उठला, शिंपले वर चढले, आणि मुली बाकांवर उभ्या राहिल्या.

"सर, आता थांबलं?" एकीनं विचारलं.

"कुठलं थांबतंय? नखं वाढतात ना, साधारण तितक्या सावकाश आपण अजून चाललोय. हिमालय अजून उंच होतोय." लिंबू खिशातच राहिलं.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. "नीट आहेत ना दोघं?"

"नीट आहेत. नववी माझीच."

"आणि भेटली का एकदाची?"

वडिलांनी पिशवीतून राजा-राणी काढली, एकमेकांना टेकवून तिच्या हातात ठेवली. "वर्गात मधे हिमालय आला," ते म्हणाले. "म्हणून येताना एकाच पिशवीत घातली."