कणगीतलं लेकरू

जानेफळात शालूबाईचं नाव निघालं की बाया अजून हात जोडतात. हे तिला कळलं असतं तर ती चिडली असती. लोकांच्या कौतुकानंच तिला जन्मभर जाळलं.

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, तेव्हाची गोष्ट. शालूबाई थोरली जाऊ, कोकिळा धाकटी. कापूस वेचायला निघताना कोकिळा बजावून गेली, "बाई, देव्या काढणारा आला तं माह्या मोतीरामले पुढं करजा." पण देवीची लस टोचली की मातामाय, म्हणजे देवीची माता, कोपते, हे शालूबाईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सरकारी माणसापेक्षा तिला स्वतःच्या अकलेचा भरवसा जास्त. ज्वारी ठेवायची तुराट्यांची कणगी रिकामीच होती. दोन वर्षांच्या मोतीरामला तिनं आत उतरवलं नि वर सूप झाकलं. पोर लपाछपी समजून आतून खुदखुदत होतं. संध्याकाळी तिनं कोकिळेला सांगितलं, "आपल्या आळीत आलाच नाही मेला."

उन्हाळ्यात गावात माता, म्हणजे देवीची साथ, आली. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, घरातली फोडणी बंद झाली. आधी मोतीरामच्या अंगावर उठली, मग शालूबाईच्या. आठव्या दिवशी मोतीराम गेला. शालूबाई वाचली, पण दोन्ही डोळे गेले. गाव म्हणालं, पुतण्याची सेवा करता करता बाईनं डोळे दिले. कोकिळा तिच्या पाया पडली. शालूबाईनं पाय मागे ओढले, तोंड मात्र उघडलं नाही.

त्यानंतर रोज पहाटे काठी टेकत ती मातामायच्या ओट्यावर जाई. "मले माफ कर माय," एवढंच मागणं. चार वर्षं मातामाय काही बोलली नाही. का म्हणून बोलावं तिनं?

पुढं कोकिळेला मुलगी झाली. ती दीड वर्षाची असताना गावात पुन्हा दवंडी फिरली, उद्या देव्या काढणार. कोकिळा म्हणाली, "देव्या काढाचं मनात आणलं म्हणून माता एकडाव कोपली बाई. आता पोरीले कणगीतच ठेवा लागते."

पहाटे ओट्यावर तिनं पहिल्यांदाच स्वतःसाठी सोडून दुसऱ्यासाठी हात जोडले. "माय, पोरीले वाचव." मग तिचे जोडलेले हात सुटले. पोरीला वाचवायला मातामाय कशाला हवी होती? शालूबाईची जीभ शाबूत होती. चार वर्षं ती गेलेल्या डोळ्यांसाठी रडली, आणि उरलं होतं ते दातांखाली दाबून बसली. माफीसुद्धा ती भलत्याच दारात मागत होती.

ती घरी आली तेव्हा देव्या काढणारा अंगणात उभा होता, आळीतल्या बायाही होत्या. आत कणगीत पोर खुदखुदत होती. अगदी तसंच.

"मोतीरामले मीच लपवलं होतं," शालूबाई सगळ्यांसमोर म्हणाली. "ह्याच कणगीत. तो मानूस आला होता, मी खोटं बोलली. माता नाही कोपली, कोकिळे. तुह्या लेकराले मी मारलं."

कोकिळेनं सूप भिरकावलं, पोरीला काढलं आणि शालूबाईच्या मांडीवर आदळल्यासारखं ठेवलं. "धरा," एवढंच म्हणाली. सुई लागली तशी पोर किंचाळली, आणि तिच्याहून मोठ्यानं शालूबाई.

त्या दिवशी आळीतल्या बायांनी आपापली लेकरं बाजेखालून, माळ्यावरून बाहेर काढली. पुढं दर साली लस टोचायच्या दिवशी बाया शालूबाईला घरी बोलावू लागल्या. तिनं कधी उपदेश केला नाही. प्रत्येक दारात तीच हकिकत पहिल्यापासून सांगायची, आणि प्रत्येक वेळी ती तिला तितकीच लागायची. लोक म्हणत, मातामायनं हिच्या जिभेला देणं दिलं. ते खरंच होतं. पण त्याची चव शालूबाईलाच ठाऊक.

कोकिळेनं बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण शब्द नाही. मात्र देव्या काढायच्या दिवशी ती शालूबाईच्या काठीचं दुसरं टोक धरायची आणि घरोघरी न्यायची, मुकाट्यानं.

तिसऱ्या वर्षी आळीतल्या पंजाबरावांच्या दारात काठी थांबली.

"पायरी हाये, बाई," कोकिळा म्हणाली.

शालूबाई त्या पायरीवरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तिचं रडून होईपर्यंत कोकिळा काठी धरून उभी राहिली.