नावं ठेवून बघितलेलं घड्याळ

निवृत्त माणसाला छंद हवा, असं सगळेच सांगतात. छंद कोणता हे मात्र त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. आमच्या सोसायटीत सकाळचं चालणं आणि कमिटीतली भांडणं, एवढे दोन छंद मान्यताप्राप्त आहेत. मी जुना क्रोनोग्राफ घ्यायचा म्हणालो तेव्हा शेजाऱ्यांनी आधी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, साध्या मनगटी घड्याळाच्या पोटात स्टॉपवॉच असतं. बाजूला दोन बटणं. एक दाबलं की काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की टुणकन बारावर परत येतो. सेल लागत नाही, चावी द्यायची. "मोबाइलमध्ये असतं की हे," ते म्हणाले. मोबाइलमध्ये आरत्याही असतात, म्हणून कोणी देव्हारा भंगारात घातलेला मी ऐकलेला नाही. पण हे मी मनातच म्हटलं, कारण ते कमिटीवर आहेत आणि पार्किंगची जागा ठरवणं त्यांच्या हातात आहे.

शिवाय वसई-विरारमध्ये स्टॉपवॉचची गरज काय, असं विचारणाऱ्याने इथे नळाला पाणी येताना बघितलेलं नसावं. पाणी आलं म्हणता म्हणता जातं कधी, आणि "पाच मिनिटांत येतेय लाइट" यातली पाच मिनिटं नेमकी किती लांब असतात, हे सेकंदाच्या काट्यावर मोजण्याचं शास्त्रीय काम इथे वर्षानुवर्षं पडून आहे. ते करायला कोणी पुढे येत नव्हतं. मी यायचं ठरवलं.

बायको वसईतल्या एका शाळेत शिकवते. तिने परवानगी दिली, पण अट घालून. "एकच घ्यायचं. आयुष्यात एकच. दुसरं घरात आलं तर दोन्ही घड्याळं घेऊन पाचूबंदरला राहायला जा, बोटी मोजत बसा." पाचूबंदरला मासे ताजे मिळतात, त्यामुळे धमकी तितकीशी भीतिदायक नव्हती. तरी एकच म्हटल्यावर निवड चुकून चालणार नव्हती. लग्नातही एकच संधी असते, पण तिथे आपल्याला फारसं कोणी विचारत नाही.

मग मी अभ्यासाला लागलो. फोनवर जुन्या घड्याळांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरलो. तिथे घड्याळं असलेली माणसं थोडी आणि सल्ला असलेली सगळीच. शिकलो ते असं: स्वस्त म्हणजे किफायतशीर नव्हे, कारण ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत ते घड्याळ फुकट मिळालं तरी दुरुस्तीत घर विकायला लावतं. काटा बरोब्बर बारावरच परतला पाहिजे. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी, घासून घासून गुळगुळीत केलेली नको, ओरखडे असले तर उत्तम. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डायल. डायल मूळची हवी. जुन्या डायली खरवडून त्यावर नवा रंग मारून देण्याची कला आपल्या मुंबईच्या आसपास इतकी फोफावली आहे, की त्या ग्रुपवर "मुंबईचं दिसतंय" ही शिवी आहे. मुंबईचा माणूस म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी विरारला राहतो, आम्हाला मुंबईकर म्हणतं कोण?

आणि या शास्त्राचं शिखर म्हणजे उन्हाने रंगलेली डायल. काळी डायल वर्षानुवर्षं ऊन खाऊन तपकिरी झाली, की हे लोक तिला ट्रॉपिकल म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. बिल्डिंगचा रंग एका पावसाळ्यात उडाला म्हणून बिल्डरचा उद्धार करणारी माणसंच ही. पण मलाही ती हवीशी वाटायला लागली. इतकी, की मी तसल्या डायलींचे फोटो बायकोला जेवताना दाखवायचो.

त्याचाच परिणाम असावा. एक दिवस ती शाळेतून आली ती म्हणाली, "आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, गिरीजला. त्यांचे मिस्टर बोटीवर होते, वारले. त्यांचं बटणांचं घड्याळ बाईंना कोणाला तरी द्यायचंय. मुलगा कॅनडात असतो, तो म्हणाला मला नको. वापरणाऱ्या माणसाला द्यायचं म्हणतात." मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "जा, पण घासाघीस करू नका. त्या मासळीबाजारात बसलेल्या नाहीत."

तिच्या बोलण्याला इतिहास आहे. आमच्या घराण्यात एक व्रत आहे: घ्यायची वस्तू आवडली, हे विकणाऱ्याला कळता कामा नये. वडील पापलेट उचलायचे ते नाक मुरडूनच. डोळे बघून "कालचं दिसतंय" म्हणायचे, आणि तेच पिशवीत घालून घरी आणल्यावर आईला सांगायचे, काय फडफडीत आहे बघ. मुलगी बघायला गेलो तेव्हाही पोह्यांची दुसरी बशी संपवून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मीठ जरा कमी पडलंय." परत येताना रस्त्यातच लग्न पक्कं करून टाकलं. बायको ते पोहे विसरलेली नाही.

रविवारी मी वसईजवळच गिरीजला गेलो. वाडीतून आत गेलं की बाईंचं घर, पुढे ओटा, मागे केळी. बाई ओट्यावरून शेजारणीशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलत होत्या, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मला बघताच शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "या, बसा." बशीत सुकेळी ठेवली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, घरची. मग येशूच्या अल्तारापुढच्या कपाटातून घड्याळ आणून माझ्या हातात दिलं.

डायल त्या सुकेळ्यांच्याच रंगाची होती. मूळची काळी, उन्हाने तपकिरी झालेली, कडेला किंचित सोनेरी. केसला पॉलिश कधी लागलेलं नव्हतं, ओरखडेच ओरखडे. मी बटण दाबलं. काटा धावला, थांबला, बरोब्बर बारावर परतला. ग्रुपवर कोणी असलं घड्याळ नुसतं पाहिलं असतं तरी महिनाभर त्याचीच टिमकी वाजवली असती.

बाई सांगत होत्या, "डेकवर असायचे दिवसभर. उन्हातलं काम. ह्यांचा रंग रापला तसा घड्याळाचाही. रजेवर आले की मला छळायचे त्याने. रविवारची मिस्सा झाल्यावर मी देवळाच्या फाटकाशी 'एकच मिनिट' म्हणून बोलत उभी राहिले की हे बटण दाबायचे. आणि घरी येईपर्यंत ऐकवायचे, तुझं एक मिनिट बघ किती मिनिटांचं असतं ते."

हे ऐकून शहाण्या माणसाने घड्याळ छातीशी धरलं असतं. माझ्या तोंडातून वडील बोलले. "डायल पार काळवंडली आहे हो. ऊन बाधलंय. काचही गेलेली दिसते. आणि केस तर बघवत नाही."

हे मी म्हटलं ते कुठे, तर वसईत, समोर सुकेळ्यांची बशी ठेवून. ऊन लागून तपकिरी झालेल्या केळ्याला ताज्या केळ्याच्या कितीतरी पट भाव देणाऱ्या मुलखात. आणि तोंडात सुकेळं होतंच.

चष्मा लावून बाईंनी घड्याळ परत जवळ घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. "खरंच की," म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही कधी. असं करा, पुढच्या रविवारी या. मुलाला एकदा विचारते."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बोललात ना काहीतरी?" मी छातीठोकपणे सांगितलं, किमतीचा शब्दही काढला नाही. आणि ते खरं होतं. आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. ग्रुपवर एवढंच लिहिलं की एक ट्रॉपिकल हाताशी आलं आहे. त्यावर आलेल्या अभिनंदनाने मी इतका फुगलो, की सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या विषयावर बोलायला उभा राहिलो.

रविवारी बाई ओट्यावर वाटच बघत होत्या. घड्याळ एका नव्या डबीत घातलं होतं. डबी उघडून म्हणाल्या, "आता नाव ठेवायला जागा ठेवलेली नाही."

खरोखरच नव्हती. डायल कोळशासारखी काळी. त्यावर पांढरेशुभ्र आकडे, त्यातला सहाचा जरा कलता. केस घासून अशी चकचकीत केली होती की मला तीत माझाच चेहरा दिसला, आणि तो चेहरा शहाण्या माणसाचा नव्हता. काच नवी. मी ज्या ज्या गोष्टीला नाव ठेवलं होतं ती ती गोष्ट बाईंनी वसईच्या बाजारातून स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून आणली होती. मी विसरलो होतो की या बाईंनी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. चूक दाखवली की ती सुधारून आणायची, एवढंच त्यांना माहीत. चूक नसतानाही ती दाखवणारी माणसं जगात असतात, हे शाळेत शिकवत नाहीत.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मुलाला विचारायचं हे निमित्त होतं. तो केव्हाच हो म्हणाला होता, माझाच हात होत नव्हता. तो रापलेला रंग बघितला की हे डोळ्यांसमोर उभे राहायचे. आता दुकानातून आणलं तर मला ह्यांचं वाटलंच नाही. दुसऱ्याच कोणाचं तरी असावं तसं. म्हटलं, आता द्यायला जड जाणार नाही."

मला लाज वाटली. इतकी की घड्याळाचं दुःख करायचंही सुचेना. मी म्हणालो, "फारच सुंदर झालंय, बाई." विकत घ्यायच्या वस्तूला मी आयुष्यात पहिल्यांदाच चांगलं म्हटलं, आणि तेही नेमकं रंगवलेल्या डायलला.

त्यांनी मला ते घालायला लावलं. मी पैशांचं पाकीट काढणार तोच म्हणाल्या, "एकच मिनिट, तुमच्या मिसेससाठी सुकेळी देते," आणि आत गेल्या. काय वाटलं कोणास ठाऊक, मी बटण दाबलं. पानात गुंडाळलेली पिशवीभर सुकेळी घेऊन, आत कोणाशी तरी बोलत राहून, बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या तेव्हा मी ते पुन्हा दाबलं. टक्.

बाई दारातच थांबल्या.

"पुन्हा दाबा," त्या म्हणाल्या.

मी दाबलं. पुन्हा दाबून थांबवलं, मग दुसरं दाबलं. काटा बारावर परत आला. बटणांच्या आवाजाला मी नाव ठेवलं नव्हतं, म्हणून तो तेवढा त्यांनी बदलून आणला नव्हता.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

मी घड्याळ मनगटावरून काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. नको, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला सुकेळ्यांची पिशवी दिली आणि स्वतः बटण दाबून बघितलं.

घरी बायको म्हणाली, "घड्याळ कुठंय?" मी सगळं सांगितलं, पहिल्या रविवारपासूनचं. ती मला झापणार अशी तयारी ठेवूनच सांगितलं. ती एक सुकेळं खात बसली.

"चांगली आहेत ना?" मी म्हणालो. "फार चांगली आहेत. आणि तुमच्या घरच्या त्या पोह्यांतही मीठ अगदी बरोबर होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीच केले होते."